घरची वाकळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात वाकळा शिवायची रीत सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आली आहे. नात्यातल्या सुना, गल्लीतल्या बायका आणि आता शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या मुली तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात तीच ही. कोल्हापूर जिल्ह्यात गावागणिक हात थोडा बदलतो. गडहिंग्लज, चंदगडकडच्या वाकळेत सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या कौदीची (तिकडची गोधडी) झाक दिसते. खाली दिली आहे ती आमच्या घरची पद्धत.

वाकळ, रजई आणि घोंगडं यांत फरक काय?

रजईत पिंजलेला कापूस भरतात. काही वर्षांनी तो सरकतो, गोळे होतात आणि पुन्हा पिंजून घ्यावा लागतो. पाण्यात घालून रजई धुता येत नाही. घोंगडं मेंढीच्या लोकरीचं, मागावर विणलेलं. त्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून ते नवं असताना ताठ असतं. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगर बांधवांच्या खांद्यावर बघायला मिळतं.

वाकळेत भरण काहीच नसतं. वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरायचे आणि सगळ्यांतून धावदोरा (सुई खाली-वर करत सरळ पुढे जाणारा साधा टाका) घालायचा, एवढंच. त्यामुळे ती धुता येते, फाटली तर सांधता येते आणि अगदी जीर्ण झाली की नव्या वाकळेच्या पोटात घालता येते.

कापड कोणतं घ्यावं?

घरातलं, सुती आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं. सगळ्यात उत्तम नऊवारी लुगडं. हिशोब बघा : नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याच्या लांबीत चार घड्या घातल्या की दोन मीटरचे चार थर होतात आणि पन्हा, म्हणजे रुंदी, सव्वा मीटरच्या आसपास असतो. एका माणसाच्या वाकळेचं माप आपोआप बसतं. जुन्या बायका टेप लावत नव्हत्या, त्याचं कारण हेच. आत आणखी एक धोतर किंवा जुनी चादर गेली की थंडीपुरती ऊब येते.

धोतर आणि पटका आतल्या थरांसाठी चांगले, कारण त्यांना जोड नसतो. शर्ट घ्यायचा असेल तर कॉलर, बटणपट्टी, खिसे आणि शिवणी कापून बाजूला काढा. शिवणीच्या जाडीतून सुई जात नाही, हात दुखतो आणि टाका वाकडा पडतो. टी-शर्टचं कापड ताणलं जातं, जीन्सचं फार जड होतं, दोन्ही नकोत. जरीचा काठ अंगाला टोचतो. ठेवायचाच असेल तर वरच्या बाजूला, तोंडापासून लांब ठेवा.

आता घरात सुती लुगडी राहिली नाहीत. नायलॉनच्या साड्या चालतील का?

वरच्या थराला एखादी चालेल. आत अजिबात नको. नायलॉन आणि पॉलिस्टर घाम पीत नाहीत, टाका घालताना थर घसरतात आणि चुलीजवळ, शेगडीजवळ ठिणगी पडली तर ते कापड वितळून अंगाला चिकटतं. सुती कापड कमी पडत असेल तर जुन्या चादरी, पलंगपोस, लुंग्या, उशांचे अभ्रे जमवा. एक वर्ष जमवायला लागलं तरी लागू द्या.

नवं कापड विकत आणून वाकळ शिवायची का, असं पुष्कळ जणी विचारतात. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला. आजही तिथलं सुती कापड आपल्याला हाताशी मिळतं, तेव्हा अडचण मिळण्याची नाही. पण माझं मत स्पष्ट आहे : सगळी वाकळ नव्या कापडाची करू नका. तिला ऊब येईल, पण त्यात घरातलं कोणीच नसेल. अस्तरापुरतं नवं घेतलंत तर चालेल, मात्र ते आधी रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. खळ निघते आणि कापड आटायचं तेवढं आटून जातं. हे न केल्यास पहिल्याच धुण्यात अस्तर आवळतं आणि वाकळेला फुगे येतात.

सुई आणि दोरा कसला?

लांब, मजबूत आणि थोड्या मोठ्या नाकाची सुई. दाभण वापरू नका, ते पोत्यासाठी. त्यानं कापडाला भोक पडतं आणि पुढे तिथूनच फाटतं. दोरा सुती हवा. मशीनचा बारीक दोरा एकेरी टिकत नाही. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या दुकानांत जाड सुती दोरा मिळतो, तो दुपदरी करून मेणावरून ओढून घ्या, म्हणजे गुंता होत नाही. नायलॉनचा दोरा तुटत नाही ही खरी गोष्ट, पण जुन्या मऊ कापडाला तो सुरीसारखा चिरत जातो. आधी दोरा तुटला तर वाकळ वाचते.

मधल्या बोटात अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी) घाला. पहिल्या दिवशी अवघड वाटतं, तरीही घाला.

शिवायची कशी? सुरुवातीपासून सांगा.

सोप्यात किंवा गच्चीवर जमीन झाडून, पुसून घ्या. सगळ्यात खाली जो थर राहणार तो ओलसर हातानं सपाट करत अंथरा आणि चार कोपऱ्यांवर वजन ठेवा. पाटा, वरवंटा, विटा, काहीही. वरचे थर एकेक करून घाला आणि प्रत्येक थर मधून कडेकडे हातानं निपटत न्या. आत सुरकुती राहिली तर ती कायमची. खालचा थर चारही बाजूंनी चार बोटं मोठा ठेवला की तोच वर दुमडून कड होते.

मग कच्चे टाके. नव्या मुली हेच टाळतात आणि नंतर रडकुंडीला येतात. मधून सुरुवात करून चारही दिशांना वीतभर लांबीचे सैल टाके घाला. सगळी वाकळ अशी धरून ठेवली की वजनं काढता येतात, ती उचलून मांडीवर घेता येते.

पक्का धावदोरा आम्ही कडेपासून घालतो. पहिली ओळ कडेला लागून चारही बाजूंनी फिरते, दुसरी तिच्या आत, तिसरी त्याच्या आत, अशी चौकटीत चौकट मध्यापर्यंत जाते. काही घरांत सरळ उभ्या ओळी घालतात. सरळ ओळी लवकर होतात, चौकटीची वाकळ कडेला जास्त टिकते आणि वाकळ फाटायला सुरुवात कडेनंच होते. दोन ओळींत बोटभर अंतर. एका वेळी सुईवर तीन-चार टाके घ्यायचे आणि मग ओढायचं. दोरा आवळू नका, फक्त बसवा. गाठ वर दिसू द्यायची नाही, थरांच्या आत ओढून घ्यायची.

टाके सारखे येत नाहीत म्हणून उसवत बसू नका. चार हातांनी शिवलेल्या वाकळेत चार तऱ्हेचे टाके असतात आणि घरची माणसं ते ओळखतात. आमच्याकडे सासूबाईंचा टाका बारीक आणि किंचित तिरपा, तो वीस ठिगळांतून शोधून काढता येतो.

सुगी सरल्यावर, ऊस गेल्यावर, चैत्र-वैशाखात बायकांना उसंत मिळते आणि हवाही कोरडी असते. वाकळ तेव्हाच शिवावी. पावसाळ्यात शिवायला बसलात तर थरांत दमटपणा अडकतो. राधानगरी, गगनबावड्याकडच्या पावसात तर नकोच.

वरची ठिगळं कशी लावायची? डिझाइन कुठून घ्यायचं?

कापड जसं हाताशी येईल तसं. गडद शेजारी फिकट, एवढी एकच रीत मी पाळते. मध्ये मोठा चौकोन, भोवती काठाच्या पट्ट्या, कोपऱ्यांत खणाचे तुकडे, ही आमच्या भागातली नेहमीची मांडणी. खण घालणार असाल तर तो आधी दोन-तीनदा वेगळा धुऊन घ्या, त्याचा रंग फार सुटतो. ठिगळाच्या कडा आत दुमडून हेम घाला आणि मग त्यावरून धावदोरा जाऊ द्या. मोबाइलवर दिसणारी परदेशी नक्षी बघून अगदी एकसारखे तुकडे कापण्यात पुष्कळ कापड वाया जातं. वाकळेत कापड वाया घालवायचं नसतं.

मशीनवर शिवली तर?

लवकर होते. पाच-सहा थरांच्या वर घरगुती मशीनची सुई मोडते आणि झालेली वाकळ पुठ्ठ्यासारखी ताठ राहते. हातच्या धावदोऱ्यानं कापडाला बारीक चुण्या पडतात. त्या चुण्यांत हवा धरून राहते आणि ऊब त्यातूनच येते. घाई असेल तर ठिगळं मशीनवर जोडा, थर मात्र हातानं शिवा.

बाळंतविड्यात काय काय घरी शिवता येतं? तान्ह्या बाळाला वाकळ घालावी का?

झबली, टोपरी, कुंची, लंगोट आणि दुपटी, सगळं. दुपट्यासाठी आजीच्या लुगड्याचा सगळ्यात विरलेला भाग काढून ठेवावा, नव्या मलमलीपेक्षा तो मऊ असतो. दोन-तीन थर पुरेत. बाळाच्या कपड्याला बटण, मणी, टिकली, घुंगरू लावू नका. निघून तोंडात जातं. कुंचीला शोभेचे मोती लावायचेच असतील तर बारशाच्या फोटोपुरती ती वापरा आणि काढून ठेवा.

मोठी वाकळ बाळाच्या खाली अंथरा, अंगावर घालू नका. तान्ह्याला ती बाजूला सारता येत नाही आणि तोंडावर आली तर श्वास कोंडतो. आणखी एक, हे फार महत्त्वाचं आहे : ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलेली दुपटी तशीच काढून बाळाला लावू नका. त्या गोळ्यांतल्या नॅफ्थलीननं काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या मुळात ठेवूच नयेत. वेखंडाचा तुकडा ठेवा, आणि तोही कपडे काढताना बाजूला करून कपडे धुऊन उन्हात वाळवा.

गेलेल्या माणसाचे कपडे वाकळेत घालावेत का?

हा प्रश्न सगळ्यात हळू आवाजात विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

घराघरांची रीत वेगळी आहे. काही घरांत कपडे देऊन टाकतात, काही ठेवत नाहीत. ज्यांना नको वाटतं त्यांना आग्रह करू नका. ज्या घरात चालतं तिथेही एकटीनं ठरवू नका. गेलेल्या माणसाच्या मुलाला, मुलीला, जोडीदाराला विचारा. कोणाला ते कापड रोज डोळ्यांसमोर नको असतं, कोणाला तेच हवं असतं. वर्षश्राद्ध होईपर्यंत कपडे नुसते बांधून ठेवावेत, असं मी सांगते. पहिल्या महिन्यात कात्री लावलेलं नंतर सलत राहतं.

शिवायचं ठरलं तर ओळखू येणारा भाग वर घ्या. शर्टाचा खिसा, पटक्याचं टोक, रोजच्या साडीचा काठ. उरलेलं आत. आमच्या मामंजींचा पटका घरातल्या एका वाकळेच्या वरच्या बाजूला मध्यावर आहे. ज्या नातवानं त्यांना पाहिलंच नाही, त्यालाही तो पटका कोणाचा ते ठाऊक आहे आणि हिवाळ्यात तो तीच वाकळ मागतो. दुखण्यातले, दवाखान्यातले कपडे मात्र घेऊ नका. बाकीचे कपडे गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच वापरा.

वाकळ फाटायला लागली. टाकून द्यायची का?

नाही. कडेला विरली असेल तर लुगड्याच्या काठाचा गोट लावा. मध्ये भोक पडलं असेल तर ठिगळ दोन बोटं मोठं कापून, जुन्या ओळींच्या रेषेतच धावदोरा घाला. सगळीकडून विरली असेल तर उसवू नका. तिच्या वर आणि खाली एकेक नवा थर चढवा आणि पुन्हा शिवा. जुन्या वाकळा अशाच जड होत जातात. एखादी उघडून बघितली तर आईच्या लुगड्याखाली आजीचं, त्याखाली पणजीचं निघतं. उचलवेनाशी झाली की पोटातला शाबूत भाग कापून नव्या वाकळेच्या मध्ये घालायचा.

धुवायची कशी आणि कधी?

वर्षातून दोनदा. एकदा नवरात्राआधी, घट बसायच्या अगोदर घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण निघतं तेव्हा. दुसऱ्यांदा उन्हाळ्यात. पंचगंगेच्या घाटावर वाकळा आपटून धुवायची आपल्याकडची जुनी रीत, पण नदीत साबण घालवू नका. पंचगंगेचं पाणी आधीच सोसत नाही. गच्चीवर मोठ्या घमेल्यात किंवा बाथरूममध्ये भिजवून पायानं तुडवा, दोन-तीन पाणी बदला. पिळू नका, दोरे तुटतात. कठड्यावर घालून निथळू द्या आणि मग उलटी बाजू वर करून उन्हात टाका. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही, तेव्हा घरातल्या पुरुषांना हाक मारा.

वॉशिंग मशीनमध्ये हलकी वाकळ चालते. जडीनं मशीन बिघडतं आणि वाकळही.

ठेवायची कुठे? कसर लागते.

कसर लागते ती न वापरलेल्या वाकळेला. पूर्ण वाळलेली वाकळ सुती कापडात बांधून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमट होऊन बुरशी धरते. पावसाळा संपला की एक दिवस ऊन द्या. आणि खरं सांगायचं तर अंथरा, पांघरा, पाहुण्यांना द्या. वाकळ कपाटात मरते.

पुरात भिजलेली वाकळ वाचते का?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरानंतर चिखली, आंबेवाडी, शिरोळकडून हा प्रश्न फार आला. उत्तर हो, पण घाई करावी लागते. चिखल वाळू देऊ नका. वाळला की तो धाग्यात बसतो आणि झटकताना कापड कापतो. पाण्याच्या धारेखाली आधी नुसता चिखल घालवा. हातमोजे घाला, पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. मग गरम पाणी आणि साबण, पुन्हा पुन्हा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. पाऊस चालूच असेल तर निथळत टांगून ठेवा, घडी घालून ढीग लावू नका.

ऊन पडल्यावर दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवा. तरीही कुबट वास राहिला तर आत बुरशी आहे. एका बाजूचे टाके उसवून थर सुटे करा, काळे पडलेले काढून टाका, उरलेले धुऊन पुन्हा शिवा. एखादी अजिबात वाचणार नाही असं दिसलं तरी सगळी टाकायच्या आधी ओळखीचं एखादं ठिगळ कापून घ्या.

आई गेली, वाकळ एक आणि आम्ही बहिणी तिघी. काय करावं?

वाकळ धड असेल तर कापू नका. जी रोज पांघरणार आहे तिच्याकडे जाऊ द्या. काचेत लावून भिंतीवर टांगणारीपेक्षा तिचा हक्क मोठा, असं मला वाटतं. नाहीतर वर्ष-वर्ष वाटून घ्या. नवरात्रात धुऊन पुढच्या बहिणीकडे द्यायची, म्हणजे पोचवायच्या निमित्तानं भेटही होते.

विरलेली असेल तर तीन भाग करता येतात. कापायच्या रेषेच्या दोन्ही अंगांना उलट्या टीपेच्या (प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे नेऊन घातलेल्या घट्ट टाक्याच्या) दोन-दोन ओळी घाला आणि मगच मधून कात्री चालवा, नाहीतर सगळे टाके सुटतात. प्रत्येकीनं आपला भाग आपल्या नव्या वाकळेच्या मध्यावर बसवावा. भावाला विचारायला विसरू नका. त्यालाही हवी असते, तो फक्त मागत नाही.

आजीच्या इरकलवर कशिदा आहे. साडी विरली आहे, कापू का?

कशिद्याचा भाग कापू नका. धारवाडकडचा हा कशिदा धागे मोजून काढतात. गवंती आणि मुरगी या टाक्यांचं काम उलट-सुलट सारखं दिसतं, मागे गाठ सापडत नाही. तुळशीवृंदावन, रथ, हत्ती, गोपूर हे त्यातले नेहमीचे नमुने. इरकलमध्ये अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा कोंडी घालून, म्हणजे एकमेकांत अडकवून, जोडलेला असतो, म्हणून पदर वेगळा करायचा असेल तर त्या जोडावर नाही, अंगाच्या बाजूला चार बोटं सोडून कापा. पदराला मागून मऊ सुती अस्तर लावा. उरलेलं अंग खुशाल वाकळेत घाला, इरकलीच्या सुतासारखं सूत नाही.

बाहेरून शिवून घेतली तर मोल किती द्यावं?

आकडा सांगत नाही, हिशोब सांगते. दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद वाकळेत दीड सेंटिमीटरवर ओळी घातल्या तर त्र्याऐंशी ओळी होतात, म्हणजे १६५ मीटरच्या आसपास धावदोरा. तोही पाच-सहा थरांतून, जमिनीवर वाकून. तेवढे दिवस शेतात किंवा दुसऱ्या कामावर गेली असती तर त्या बाईला जी मजुरी मिळाली असती, त्याच्या खाली जाऊ नका. दारावर येणाऱ्या मावशीशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस केलेली मला सोसत नाही.

कोणाचं कापड कुठे आहे, हे लक्षात कसं ठेवायचं?

लिहून. पेनाची शाई धुण्यात जाते, म्हणून पांढऱ्या सुती फितीवर उलट्या टीपेनं नावं आणि साल काढा आणि फीत मागच्या बाजूला कोपऱ्यात शिवा. शिवणाऱ्यांचीही नावं घाला, कापडवाल्यांची घालतात आणि शिवणाऱ्यांची राहून जातात. घरात जुनी वाकळ असेल तर ती आई, मावशी, आत्या यांच्यासमोर पसरा आणि एकेका ठिगळावर बोट ठेवून विचारा. त्या सांगत असताना मोबाइलवर रेकॉर्ड करा. हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

मुलगी डावखुरी आहे. तिला शिकवता येईल का?

येईल. तिला शेजारी बसवू नका, समोर बसवा, म्हणजे तुमचा उजवा हात चालतो तसा तिचा डावा चालेल. वाकळ मोठी असेल तर तुम्ही दोघी समोरासमोरच्या कडांवर बसून एकाच वेळी शिवू शकता.